स्टॅटिक क्लास आणि इम्पोर्ट: जावात नेमकं काय होतं आणि कुठे फसायला होतं?

शाईची_दौत

नमस्कार मंडळी,

मी शनिवारी संध्याकाळी इंजिनिअरिंगच्या सात-आठ मुलांना घरी जावा शिकवते. काल एकाने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "ताई, हे सीशार्पमध्ये चालतं, मग जावात का चालत नाही?" फाइलच्या पहिल्याच ओळीत त्याने 'पब्लिक स्टॅटिक क्लास व्याजगणक' असं लिहिलं होतं आणि कंपाइलर (आपला कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्राम) सांगत होता की स्टॅटिक हा शब्द इथे चालणार नाही. शब्द काढला, प्रोग्राम चालला, त्याचं काम झालं. प्रश्न मात्र तसाच राहिला. मुलाखती घेतानाही मला हाच घोळ सारखा दिसतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, स्टॅटिक म्हणजे 'न बदलणारं' नव्हे. न बदलणाऱ्यासाठी जावात 'फायनल' आहे. स्टॅटिक म्हणजे क्लासच्या मालकीचं, कुठल्या एका ऑब्जेक्टच्या मालकीचं नाही. (क्लास म्हणजे आराखडा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून बनवलेली एकेक वस्तू.) सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला विजेचं वेगळं मीटर असतं, पण जिन्यातल्या दिव्यांचं मीटर एकच, सगळ्यांचं मिळून. तिसऱ्या मजल्यावरच्याने दिवा लावला काय आणि तळमजल्यावरच्याने लावला काय, युनिट त्याच मीटरवर पडतात. आणि एकही बिऱ्हाड राहायला आलेलं नसलं तरी जिन्यातला दिवा लागतो. तसंच स्टॅटिक व्हेरिएबल एकच असतं, आणि ते वापरायला एकही ऑब्जेक्ट बनवावा लागत नाही.

स्टॅटिक मेथडचंही (मेथड म्हणजे क्लासमधलं एखादं काम) तेच. तिच्या हातात 'धिस', म्हणजे 'हा ऑब्जेक्ट' असं सांगणारा दुवा, नसतो, कारण ती कुणा एकासाठी चालत नाही. जावातला 'मॅथ' क्लास बघा: क्लास फायनल, कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारा भाग) प्रायव्हेट. 'न्यू मॅथ' लिहिताच येत नाही. दोन संख्यांतली मोठी शोधायला ऑब्जेक्टची गरजच काय?

आता त्या मुलाचा प्रश्न. जावात सगळ्यात बाहेरच्या क्लासला स्टॅटिक म्हणता येत नाही, कारण तो तसाही कुणाच्या पोटात नसतो. कुठल्याही ऑब्जेक्टशी बांधलेला नसलेल्या क्लासला 'तू बांधलेला नाहीस' असं सांगून काय मिळणार? हा शब्द लागतो तो क्लासच्या आतल्या क्लासला, म्हणजे नेस्टेड क्लासला. तिथे त्याचा अर्थ एवढाच की या आतल्या क्लासचा ऑब्जेक्ट बनवायला बाहेरच्या क्लासचा ऑब्जेक्ट हाताशी असायची गरज नाही. 'याचा ऑब्जेक्टच बनू शकत नाही' असा अर्थ जावात मुळीच होत नाही. स्टॅटिक नेस्टेड क्लासचे हवे तितके ऑब्जेक्ट बनवा. सीशार्पमध्ये शब्द तोच आणि काम अगदी वेगळं, त्याबद्दल तिथे रोज काम करणाऱ्या कुणीतरी लिहावं.

इम्पोर्टबद्दलचा गैरसमज तर मला त्याहून जास्त भेटतो. इम्पोर्ट केलं की ती लायब्ररी आपल्या प्रोग्राममध्ये येते, फाइल जड होते, म्हणून स्टार लावू नये (स्टार म्हणजे एका पॅकेजमधली, क्लासेसच्या गटातली, सगळी नावं एकदम घेणं), असं पुष्कळ मुलांना शिकवलेलं असतं. फोनमध्ये मावशीचा नंबर सेव्ह केला म्हणून मावशी घरी राहायला येत नाही. फक्त पुढच्या वेळी दहा आकडे न दाबता 'मावशी' एवढं शोधलं की भागतं. जावातलं इम्पोर्ट हे एवढंच काम करतं. 'जावा डॉट युटिल डॉट ॲरेलिस्ट' असं पूर्ण नाव प्रत्येक वेळी लिहायची तयारी असेल तर इम्पोर्टची एकही ओळ न लिहिता प्रोग्राम चालतो. कंपाइल झालेल्या क्लास फाइलमध्ये इम्पोर्टच्या ओळी नसतातच, तिथे सगळी नावं पूर्ण लिहिलेली असतात. त्यामुळे स्टारने प्रोग्राम हळू चालत नाही. स्टारचा तोटा वेगळा आहे, त्यावर खाली बोलू. 'स्ट्रिंग', 'सिस्टिम', 'मॅथ' यांना इम्पोर्ट लागत नाही, कारण 'जावा डॉट लँग' हे पॅकेज कंपाइलर आपणहून धरतो. आणि 'जावा डॉट युटिल डॉट स्टार' लिहिलं म्हणून 'जावा डॉट युटिल डॉट कंकरंट' येत नाही. पॅकेजची नावं एकात एक दिसतात, पण कंपाइलरला ती दोन स्वतंत्र पॅकेजेस आहेत.

राहिलं स्टॅटिक इम्पोर्ट. ते २००४ साली जावा ५ बरोबर आलं. त्याने क्लासचं नावही गाळता येतं, 'मॅथ डॉट मॅक्स' ऐवजी नुसतं 'मॅक्स'. त्याआधी लोक एखाद्या इंटरफेसमध्ये (इंटरफेस म्हणजे क्लासने काय काय द्यायचं याची नुसती यादी) सगळे स्थिरांक भरून ठेवायचे आणि क्लासचं नाव टाइप करायला नको एवढ्यासाठी तो इंटरफेस इम्प्लिमेंट करायचे. ती वाईट सवय सुटावी म्हणून ही सोय दिली गेली. टेस्टमध्ये 'असर्ट इक्वल्स' साठी मी स्टॅटिक इम्पोर्ट नेहमी वापरते. पण चारशे ओळींच्या फाइलला वर चार स्टॅटिक स्टार लावले असतील, तर मधेच दिसणारं 'चेक' हे कुणाचं, ते शोधण्यात वाचणाऱ्याचा वेळ जातो.

तुमचे अनुभव लिहा, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

सह्यकडा

उत्तम धागा. स्टारचा खरा तोटा मी पाहिलाय, म्हणून लिहितो. १९९८ साली जावा १.२ आलं आणि त्यात 'जावा डॉट युटिल' मध्ये 'लिस्ट' नावाचा नवा इंटरफेस आला. 'जावा डॉट एडब्ल्यूटी' मध्ये त्याच नावाचा क्लास आधीपासून होता, स्क्रीनवर यादी दाखवायचा. ज्यांनी दोन्ही पॅकेजेसना स्टार लावला होता आणि कोडमध्ये नुसतं 'लिस्ट' लिहिलं होतं, त्यांचा कालपर्यंत कंपाइल होणारा कोड नव्या आवृत्तीत अडला. त्यांनी एक अक्षरही बदललं नव्हतं.

'डेट' चंही तसंच, 'युटिल' मध्ये एक आणि 'एसक्यूएल' मध्ये एक. दोन्हींना स्टार असेल तर कंपाइलर निदान थांबून विचारतो की कुठला. अशा वेळी एकाचं इम्पोर्ट नावानिशी करा, नावानिशी केलेलं इम्पोर्ट स्टारच्या वरचढ ठरतं. दोन्ही लागत असतील तर दुसऱ्याचं पूर्ण नाव लिहा. फोनमध्ये दोन मावश्या असतील तर आपण 'मावशी सांगली' असं लिहितोच की.

नवी_वही

ताई, खूप खूप धन्यवाद. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लिंक्ड लिस्टचा (प्रत्येक नोड पुढच्याकडे बोट दाखवतो अशी यादी) प्रोग्राम करतेय. 'मेन' क्लासच्या आतच 'नोड' नावाचा क्लास लिहिला, त्यात 'डेटा' आणि 'नेक्स्ट'. मग मेन मेथडमध्ये 'न्यू नोड' लिहिलं की एरर येते, 'नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल धिस' असं काहीतरी. मी तर 'धिस' कुठेच लिहिलेलं नाही. सरांनी नोडच्या आधी स्टॅटिक लावायला सांगितलं, लावलं, चाललं. पण मग सगळे नोड एकच होतील ना? जिन्यातल्या मीटरसारखे?

शाईची_दौत

@नवी_वही, फार चांगला प्रश्न विचारलास.

आधी एररचं बघू. स्टॅटिक न लावलेल्या आतल्या क्लासला इनर क्लास म्हणतात. त्याचा प्रत्येक ऑब्जेक्ट बाहेरच्या क्लासच्या कुठल्यातरी एका ऑब्जेक्टला धरूनच जन्माला येतो. मेन मेथड स्टॅटिक, म्हणजे तिच्याकडे 'मेन' क्लासचा ऑब्जेक्ट नाही, 'धिस' नाही. तू 'न्यू नोड' म्हटलंस आणि कंपाइलर शोधायला लागला की हा नोड कुणाला धरून बनवू? तू न लिहिलेला 'धिस' त्याला हवा होता, तो मिळाला नाही. एररमध्ये त्याचंच नाव आहे.

आता तुझी शंका. क्लासला स्टॅटिक लावलं म्हणून त्यातली व्हेरिएबल्स स्टॅटिक होत नाहीत. 'डेटा' आणि 'नेक्स्ट' प्रत्येक नोडचे वेगळेच राहतात. स्टॅटिकने फक्त नोड आणि बाहेरचा 'मेन' यांच्यातली दोरी कापली. स्वतः करून बघ: तीन नोड बनव, १०, २०, ३० भर आणि छाप. मग 'डेटा' च्या आधी स्टॅटिक लाव आणि पुन्हा छाप. पहिल्या वेळी १०, २०, ३० येईल, दुसऱ्या वेळी तिन्ही ठिकाणी ३०. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की आयुष्यात विसरणार नाहीस.

आणि सरांनी सांगितलं ते बरोबरच आहे. नोडला बाहेरच्या क्लासशी काही देणंघेणं नाही, मग स्टॅटिकच हवा. जावाच्या स्वतःच्या 'लिंक्डलिस्ट' मधला नोड 'प्रायव्हेट स्टॅटिक क्लास' असाच लिहिलेला आहे. आयडीईत (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) 'लिंक्डलिस्ट' या नावावर कंट्रोल दाबून क्लिक कर, सोर्स उघडेल, शेवटाकडे सापडेल.

पाऊलवाट

वर ती दोरी म्हटलीय, तिच्यामुळे अँड्रॉइडमध्ये आमची मेमरी गळत होती. स्क्रीनच्या ॲक्टिव्हिटीच्या (ॲक्टिव्हिटी म्हणजे ॲपचा एक पडदा) आत 'हँडलर' चा, म्हणजे रांगेतले निरोप ठरल्या वेळी चालवणाऱ्याचा, इनर क्लास लिहिला आणि त्याला दहा मिनिटांनी चालायचा निरोप दिला. माणसाने फोन आडवा केला, जुनी ॲक्टिव्हिटी मोडून नवी उभी राहिली. पण रांगेतला निरोप हँडलरला धरून, हँडलर जुन्या ॲक्टिव्हिटीला धरून, आणि ती तिच्यातल्या सगळ्या चित्रांना आणि बटणांना धरून. गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा) यातलं काहीच उचलू शकत नाही. पाच वेळा फोन फिरवला की पाच जुन्या ॲक्टिव्हिटी मेमरीत. क्लास स्टॅटिक केला, ॲक्टिव्हिटीकडे 'वीक रेफरन्स' ने (मेमरीत अडकवून न ठेवणाऱ्या दुव्याने) बघितलं आणि स्क्रीन बंद होताना रांगेतले निरोप काढून टाकले. मेमरीचा आलेख लगेच खाली आला.

मध्यरात्रीचा_डिप्लॉय

स्टॅटिक व्हेरिएबलची माझी गोष्ट सांगतो. कंपनीचं आणि ग्राहकाचं नाव घेत नाही.

ठेवींच्या पावत्या छापणारी एक प्रणाली होती. महिनाअखेरीला दोन-चार पावत्यांवर मुदत संपायची तारीख चुकीची यायची. चुकीची म्हणजे हास्यास्पद नाही, दुसऱ्याच कुणाच्या तरी ठेवीची बरोबर तारीख. त्यामुळे बघणाऱ्याला संशयही यायचा नाही. एका आजोबांनी पावती हातात धरून काउंटरवर विचारलं की माझी ठेव तीन वर्षांची, मग यावर पुढच्याच महिन्याची तारीख कशी, तेव्हा कळलं. आमच्या मशिनवर कितीही वेळा चालवलं तरी तारीख बरोबर. डेटाबेसमध्ये तारीख बरोबर. दोन आठवडे आम्ही डेटाबेस, प्रिंटर, टाइमझोन यांच्या मागे होतो.

कारण एका ओळीत होतं. 'तारीखमदत' नावाचा क्लास, सगळ्या मेथड्स स्टॅटिक, आणि वर 'प्रायव्हेट स्टॅटिक फायनल सिंपलडेटफॉरमॅट', म्हणजे तारखेची अक्षरं बनवणारा ऑब्जेक्ट. लिहिणाऱ्याने चांगल्या हेतूने लिहिलं होतं, दर वेळी नवा ऑब्जेक्ट कशाला बनवा. पण 'सिंपलडेटफॉरमॅट' च्या पोटात एक कॅलेंडर असतं आणि तारीख छापताना तो आधी ती तारीख त्या कॅलेंडरवर मांडतो, मग तिथून वाचून अक्षरं बनवतो. एका थ्रेडने (थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी शेजारी शेजारी चालणारं एक काम) आजोबांची तारीख मांडली, वाचायच्या आत दुसऱ्या थ्रेडने दुसऱ्याची मांडली, पहिल्याने वाचली ती दुसऱ्याची. 'फायनल' ने फक्त एवढी हमी दिली होती की त्या व्हेरिएबलमध्ये दुसरा ऑब्जेक्ट येणार नाही. त्याच ऑब्जेक्टच्या आतलं बदलायला कुणाची ना नव्हती. आमच्या मशिनवर एका वेळी एकच माणूस, म्हणजे एकच थ्रेड, म्हणून कधी दिसलं नाही.

शेवटी वीस थ्रेडची टेस्ट लिहिली. प्रत्येकाला आपली एक ठरलेली तारीख, ती पुन्हा पुन्हा छापायची आणि जुळते का बघायचं. काही क्षणांत चुका ओळीने यायला लागल्या. जावा ८ मध्ये, २०१४ साली, 'डेटटाइमफॉरमॅटर' आला. तो एकदा बनला की आतून बदलत नाही, म्हणून तो खुशाल स्टॅटिक ठेवता येतो. आम्ही तो घातला.

तेव्हापासून कोड तपासताना स्टॅटिक दिसलं की मी विचारतो: याच्या आत काही बदलतं का? बदलत असेल तर किती थ्रेड इथे हात घालणार आहेत?

शब्दवेडी_पायथनवाली

धागा आवडला, पण एक दुरुस्ती नक्की नोंदवावीशी वाटते. 'इम्पोर्ट म्हणजे फक्त नंबर सेव्ह करणं' हे जावापुरतं खरं आहे. पायथनमध्ये इम्पोर्ट ही चालणारी ओळ आहे. पहिल्यांदा इम्पोर्ट झालं की ती फाइल वरून खालपर्यंत चालते. त्यात डेटाबेस जोडणी उघडली असेल तर ती उघडते, प्रिंट असेल तर छापलं जातं. मग तो मॉड्यूल 'सिस डॉट मॉड्यूल्स' मध्ये ठेवला जातो आणि दुसऱ्यांदा इम्पोर्ट केल्यावर तिथूनच मिळतो, पुन्हा चालत नाही. जावाकडून आलेली मुलं इथे हमखास अडखळतात: दोन फाइल्स एकमेकींना इम्पोर्ट करतात, जावात ते बिनबोभाट चालतं, पायथनमध्ये अर्धवट तयार झालेला मॉड्यूल हातात येतो आणि 'नाव सापडत नाही' म्हणून एरर.

शाईची_दौत

@शब्दवेडी_पायथनवाली, अगदी मान्य. शीर्षकात 'जावात' हा शब्द आत्ता घातला. माझ्या मुलांतली निम्मी पायथनही शिकताहेत, पुढच्या शनिवारी दोन्ही शेजारी शेजारी करून दाखवते.

मग जावात क्लासमधला कोड चालतो कधी, हेही लिहायला हवं होतं. इम्पोर्ट केल्यावर नाही. क्लासचा पहिला खरा वापर होतो तेव्हा, म्हणजे पहिला ऑब्जेक्ट बनवला, स्टॅटिक मेथड बोलावली किंवा स्टॅटिक व्हेरिएबलला हात लावला की, स्टॅटिक ब्लॉक (क्लास पहिल्यांदा तयार होताना चालायचा कोडचा तुकडा) एकदाच चालतो.

सह्यकडा

आणि तो एकदाच चालताना पडला तर? लोक रात्र रात्र घालवतात यात. स्टॅटिक ब्लॉकमध्ये सेटिंगची फाइल वाचताय आणि ती सापडली नाही, तर पहिल्या वेळी 'एक्सेप्शन इन इनिशियलायझर एरर' येते, त्यात खरं कारण असतं. जावा तो क्लास कायमचा बाद ठरवते. त्यानंतर प्रत्येक वेळी येते 'नो क्लास डेफ फाउंड एरर'. ती वाचून माणूस जार फाइल (कंपाइल झालेल्या क्लासेसचं गाठोडं) शोधत बसतो, क्लासपाथ (जावा क्लास जिथे शोधते त्या जागांची यादी) तपासतो, आणि जार जागेवरच असते. लॉग मागे मागे न्या, सर्व्हर चालू झाल्यापासूनची पहिली एरर वाचा.

दिवेलागण

मी सीशार्पवाली. ताईंनी सोडलेली जागा भरते.

सीशार्पमध्ये स्टॅटिक क्लास २००५ साली आवृत्ती २ मध्ये आला. त्याचा अर्थ: याचा ऑब्जेक्ट बनणार नाही, यातून कुणी वारसा घेणार नाही, आणि आत सगळं स्टॅटिकच पाहिजे. चुकून एक साधी मेथड लिहिली तरी कंपाइलर अडवतो. आत बघितलं तर कंपाइलर त्या क्लासवर 'ॲबस्ट्रॅक्ट' आणि 'सील्ड' हे दोन्ही शिक्के एकदम मारतो. एकाने ऑब्जेक्ट बंद, दुसऱ्याने वारसा बंद. जावात हेच फायनल क्लास आणि प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर लिहून हाताने करावं लागतं. एक्स्टेन्शन मेथड्स (आधीच्या क्लासला बाहेरून जोडलेल्या मेथड्स) २००७ मध्ये आल्या त्याही स्टॅटिक क्लासमध्येच लिहायच्या. आणि जावाच्या स्टॅटिक इम्पोर्टसारखं 'यूझिंग स्टॅटिक' आमच्याकडे २०१५ ला, आवृत्ती ६ मध्ये आलं.

कोरा_कागद

माझं मत थोडं कडक आहे. मी टीममध्ये स्टॅटिक मेथड्स जवळजवळ बंद केल्या. टेस्ट लिहिताना त्या बदलता येत नाहीत. 'ईमेलमदत डॉट पाठव' अशी स्टॅटिक हाक मारली की टेस्ट चालवतानाही खरा ईमेल जातो. मॉकिटो या टेस्टच्या लायब्ररीत स्टॅटिक मेथड मॉक करायची (खरीच्या जागी नकली ठेवायची) सोय २०२० साली आली हे माहीत आहे, पण ती जुन्या कोडसाठी ठीक. नवीन लिहिताना इंटरफेस करा आणि ऑब्जेक्ट हातात द्या.

मध्यरात्रीचा_डिप्लॉय

@कोरा_कागद, ईमेलबद्दल शंभर टक्के सहमत, सरसकट बंदीबद्दल नाही. रुपये घेऊन पैसे परत करणारी मेथड, पॅनचा साचा तपासणारी मेथड, या बाहेरच्या जगाला हात लावत नाहीत. तेच दिलं की तेच परत देतात. त्यांना मॉक करायची वेळच येत नाही. त्यांच्यासाठी इंटरफेस आणि ऑब्जेक्टचा पसारा मांडला की नवीन माणूस पाच फाइल्स उघडून एका ओळीपर्यंत पोचतो. ईमेल, घड्याळ, डेटाबेस, फाइल यांना स्टॅटिक नको, इथे आपलं जमलं.

कोरा_कागद

@मध्यरात्रीचा_डिप्लॉय, पॅनचं उदाहरण पटलं. आमच्याकडे त्या एका तपासणीसाठी खरंच इंटरफेस आहे आणि त्याचं इम्प्लिमेंटेशन एकच. सोमवारी ते काढतो.

अंगण_आणि_ओटा

एक बारीक गोष्ट, पण मला एक अख्खा दिवस लागला होता. 'जावा डॉट युटिल डॉट ॲरेज' मधली 'टू स्ट्रिंग' मी स्टॅटिक इम्पोर्ट केली आणि ॲरे देऊन बोलावली. कंपाइलर म्हणतो, या मेथडला काही देता येत नाही. कारण प्रत्येक क्लासला 'ऑब्जेक्ट' कडून वारशाने 'टू स्ट्रिंग' मिळालेली असतेच. घरात त्या नावाची मेथड असली की कंपाइलर इम्पोर्टकडे बघतही नाही, मग देण्याघेण्याचं जुळत नसलं तरी. तिथे 'ॲरेज डॉट टू स्ट्रिंग' असंच लिहावं लागतं.

दुसरी गोष्ट मोठी. 'पब्लिक स्टॅटिक फायनल इंट कमाल = ५०' असा स्थिरांक दुसऱ्या क्लासने वापरला की कंपाइलर त्या दुसऱ्या क्लासमध्ये थेट ५० हा आकडाच कोरतो. नंतर तुम्ही ७५ केलं आणि फक्त पहिल्या क्लासची जार बदलली, तर दुसरा जुन्या ५० वरच चालतो. सोर्समध्ये ७५ दिसतं, चालताना ५०. वापरणारे सगळे पुन्हा कंपाइल करा. बदलणाऱ्या मर्यादा सेटिंगमध्ये ठेवा किंवा मेथडने परत द्या.

खडू_आणि_फळा

मी कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतो. पहिल्याच तासाला 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' फळ्यावर लिहायचं आणि 'याचा अर्थ नंतर सांगतो' म्हणायचं, हे मला दर वर्षी टोचायचं. मुलं ते मंत्रासारखं पाठ करतात आणि स्टॅटिक म्हणजे काय हा प्रश्न तिथेच मरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जावा २५ आलं आणि त्यात मेन मेथड स्टॅटिक नसली तरी चालते, क्लासही लिहावा लागत नाही. नुसतं 'व्हॉइड मेन', कंस, आणि आत 'आयओ डॉट प्रिंटएलएन'. त्याच आवृत्तीत 'इम्पोर्ट मॉड्यूल जावा डॉट बेस' या एका ओळीत त्या मॉड्यूलची सगळी उघडी पॅकेजेस हाताशी येतात. आता मी स्टॅटिक हा शब्द त्याची गरज पडेल त्या दिवशीच फळ्यावर लिहिणार. विद्यापीठाच्या परीक्षेत जुनीच पद्धत लागेल, ती सत्राच्या शेवटी दाखवेन.

नवी_वही

ताई, करून बघितलं. आधी १०, २०, ३० आलं. 'डेटा' ला स्टॅटिक लावल्यावर ३०, ३०, ३०. मग मी स्वतःहून 'नेक्स्ट' ला पण लावून बघितलं आणि प्रोग्राम थांबेचना, ३० छापतच राहिला. वहीत तीन चौकोन काढले आणि बाण दाखवले तेव्हा कळलं: 'नेक्स्ट' एकच, आणि मी शेवटी त्यात तिसरा नोड ठेवला होता. म्हणजे तिसऱ्याचा पुढचाही तिसराच. दोन्ही स्टॅटिक काढले, फक्त नोडचा ठेवला, आणि आत एक 'स्टॅटिक इंट एकूण' घातला, कन्स्ट्रक्टरमध्ये एक-एक वाढवला. शेवटी ३ आला. हा जिन्यातला मीटर बरोबर जागी बसला ना?

शाईची_दौत

@नवी_वही, बरोबर जागी बसला. वहीतल्या त्या चौकोनांचा फोटो इथे टाक, शनिवारी माझ्या मुलांना दाखवते.